न्यूट्रॉनची नोंद आणि देशी आज्ञावली

नवी दिल्लीतील आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र हे विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये स्थापन केलेले पहिले आंतरविद्यापीठ केंद्र होय. तेथील राष्ट्रीय न्यूट्रॉन शोधक संचात १०० शोधक आहेत. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने त्याची ओळख अप्रत्यक्षपणे पटते. विद्युत संकेताच्या आकारावरून न्यूट्रॉन व गॅमा किरण वेगळे करतात; उड्डाणकाळावरून न्यूट्रॉनची ऊर्जा काढतात. एकाच घटनेचे असे सर्व संकेत संगणकाने एकत्रित नोंदवावे लागतात. अशा नोंदणीसाठी लिनक्सवर चालणारी ‘कँडल’ ही आज्ञावली केंद्रातच विकसित झाली. त्वरकाचा वेळ अनेक विद्यापीठांत वाटला जातो. नोंदणी थांबल्यास संशोधकाचा वाटा वाया जातो. म्हणूनच आज्ञावली घडविण्याचे व दुरुस्त करण्याचे कौशल्य हीदेखील पायाभूत सुविधाच ठरते.