जुन्या चासीवर नवी बॉडी

दापोडीत आणि आसपास एक अख्खी पिढी एकाच सुमारास म्हातारी झाली आहे. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली निघाली. पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली, आणि दापोडीत तर एसटीची मध्यवर्ती कार्यशाळाच होती. सातारा, सोलापूर, नगर, मराठवाडा अशा ठिकाणांहून तरुण पोरं कामाला आली. त्यांनी फर्स्ट, सेकंड आणि नाइट शिफ्टमध्ये उमेदीची वर्षं घालवली. पैसे साठवून अर्धा-एक गुंठा घेतला. आधी पत्रा टाकला, मग स्लॅब, आणि पोरांची लग्नं निघाली तसा वर मजला चढवला. त्या मजल्याला जाणारा लोखंडी जिना अरुंद आणि उभा ठेवला, कारण जागा वाचवायची होती. चाळिशीत तो एका दमात चढता यायचा. आता गुडघे गेल्यावर त्याच जिन्याने कित्येकांना वरच्या खोलीत अडकवून ठेवलं आहे.

या पिढीने पुढची वर्षं कुठे आणि कशी काढायची? पुण्यात या प्रश्नाचं एक तयार उत्तर वीसेक वर्षांपासून उभं आहे. ते म्हणजे खास ज्येष्ठांसाठी बांधलेली वसाहत. ती चालते कशी, तिथे नेमकं काय मिळतं आणि त्यातलं दापोडीला काय घेता येईल, हे नीट पाहिलं पाहिजे.

म्हाताऱ्या माणसांसाठी वेगळी जागा पुण्याला नवी नाही. नवी पेठेतला ‘निवारा’ 1860च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुरू झाला, तो निराधार आणि अपंग माणसांसाठी. 1995 साली राज्य सरकारने ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आणली. साठीपुढचे पुरुष आणि पंचावन्नच्या पुढच्या स्त्रिया तिथे राहू शकतात. या संस्थांनी हजारो माणसांना छप्पर आणि दोन वेळचं जेवण दिलं, त्याचं मोल मोठं आहे. पण समाजाने त्यांच्याकडे कायम दुखऱ्या नजरेने पाहिलं. आईबापांना ‘आश्रमात ठेवलं’ म्हटलं की मुलांची मान खाली जाते आणि आईबापांच्या डोळ्यांत पाणी येतं.

या शतकाच्या सुरुवातीला पाषाणमध्ये परांजपे स्कीम्सची ‘अथश्री’ उभी राहिली आणि ही नजर बदलू लागली. इथे येणारा माणूस स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मर्जीने येतो. दारावर त्याच्या नावाची पाटी असते, किल्ली त्याच्या खिशात असते, आणि मुलं दिवाळीला त्याच्या घरी पाहुणी म्हणून येतात. पुढे बाणेर, बावधन, हडपसर अशा उपनगरांत अशा वसाहती झाल्या. नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची टाउनशिप उभारली. ही कल्पना अमेरिकेत 1960 साली डेल वेब यांनी अ‍ॅरिझोनातल्या ‘सन सिटी’त मोठ्या प्रमाणावर राबवली. 1 जानेवारीला ती खुली झाली आणि पाहायला माणसांची रीघ लागली. त्या गावाने एक धडाही दिला. फक्त वयस्क माणसांची वस्ती झाली तेव्हा शाळांसाठीच्या कर्जरोख्यांना तिथले मतदार विरोध करू लागले. नातवंडांच्या वयाची पोरंच आसपास नसतील, तर शाळा कुणाला आपली वाटणार?

वसाहतीचं पहिलं बळ तिच्या बांधकामात आहे. महारेराने 2024 साली ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम घालून दिले, त्यात ते आकड्यांत वाचायला मिळतं. दार किमान 900 मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट रुंद हवं. तेवढ्यातून चाकाची खुर्ची जाते. जिना 1,500 मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा, आणि सलग बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. एकापेक्षा जास्त मजले असतील तर लिफ्ट हवीच. बाथरूममध्ये न घसरणारी फरशी आणि धरायला दांड्या हव्यात.

यातली बाथरूम जरा जवळून पाहू. तिचं दार बाहेरच्या बाजूला उघडणारं असतं. आपल्या बहुतेक घरांत ते आत उघडतं. आत कुणी पाय घसरून पडलं, तर अंग दाराला टेकतं आणि बाहेरच्याला ते ढकलता येत नाही. मदत चार फुटांवर असून पोचत नाही. दार बाहेर उघडलं की ही अडचणच उरत नाही. कमोडची उंची थोडी जास्त असते, म्हणजे उठताना गुडघ्यांवर भार कमी येतो. शेजारी भिंतीत घट्ट बसवलेली दांडी असते. टॉवेल अडकवायच्या नळीला धरून उठायला जावं, तर ती स्क्रूसकट हातात येते; ही दांडी मात्र माणसाचं वजन पेलते. बेलची दोरी जमिनीपर्यंत सोडलेली असते, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोचतो. दाराला गोल मूठ नसते, खाली दाबायचा दांडा असतो. संधिवाताच्या बोटांना मूठ फिरवता येत नाही, दांडा मात्र कोपरानेही दबतो. दिवे जास्त असतात, कारण साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. यातली एकही गोष्ट फार महाग नाही. म्हातारपणी माणूस कुठे आणि कसा पडतो, याचा आधी विचार केलेला आहे, एवढंच.

दुसरं बळ माणसांचं. अशा वसाहतीत सकाळी फिरायला, चहाला, पेपर वाचायला ठरलेली माणसं ठरलेल्या जागी भेटतात. नेहमीचं कुणी दिसलं नाही, तर विचारणा होते आणि थोड्या वेळात त्याचं दार वाजतं. एकट्या माणसासाठी ही गोष्ट औषधाइतकी मोलाची. घरात पडून दोन दिवस कुणाला पत्ता न लागण्याची जी धास्ती असते, ती इथे निम्म्याने कमी होते. जेवण सामाईक भोजनगृहात किंवा डब्याने घरी. कधी मीठ कमी, कधी तिखट जास्त, म्हणून भोजन समितीच्या बैठकीत कडाक्याचं बोलणं होतं आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी एकत्र कॅरम खेळतात. भजन, हास्यक्लब, वाढदिवस, गणपती, सहल असा वर्षाचा पाढा ठरलेला. बीपीची गोळी कुणाची बदलली आणि मोतीबिंदूचं कुणाचं झालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मृत्यूही इथे वारंवार येतो. भोजनगृहातली एखादी खुर्ची रिकामी होते, सगळे जमतात, त्या माणसाबद्दल चार शब्द बोलतात. मागे राहिलेल्या बाईच्या घरी पहिले काही दिवस शेजारणी आळीपाळीने झोपायला जातात. समवयस्कांमध्ये दुःख समजावून सांगावं लागत नाही, ही या जागेची मोठी देणगी आहे.

तरी घर घेण्याआधी करारनामा बारकाईने वाचायला हवा. काही ठिकाणी घर विकत मिळतं, काही ठिकाणी अनामत ठेवून, काही ठिकाणी महिन्याच्या भाड्याने. आपल्या पश्चात वारसाला तिथे राहता येईल की फक्त विकता येईल? अनामत किती कापून आणि किती दिवसांत परत मिळेल? मेंटेनन्स दरवर्षी कोण ठरवणार? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंथरुणाला खिळलो किंवा विसरायला लागलो, तर इथेच ठेवून घेणार का? हिंडत्याफिरत्या माणसासाठी बांधलेल्या कित्येक वसाहतींत त्या टप्प्याला ब्युरोची बाई स्वतःच्या खर्चाने ठेवावी लागते किंवा दुसरीकडे जावं लागतं. हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा.

आता पैशाकडे येऊ, कारण दापोडीची वाट इथेच अडते. खासगी कंपन्यांतल्या आणि एसटीतल्या कामगारांना पेन्शन मिळते ती ‘ईपीएस 95’ योजनेतून. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले 70. पगार कितीही असो, 2001 ते ऑगस्ट 2014 या काळात हिशोबाला सर्वसाधारणपणे 6,500 रुपयांपर्यंतच धरला जाई. त्या ऑगस्टमध्ये जो कामगार निवृत्त झाला आणि ज्याची योजनेतली सेवा 18 वर्षं भरली, त्याचा हिशोब 6,500 गुणिले 18 भागिले 70, म्हणजे महिना 1,671 रुपये. 1995च्या आधीच्या नोकरीची थोडी भर वेगळी. किमान पेन्शन सप्टेंबर 2014 पासून 1,000 रुपये आहे. ती 7,500 व्हावी म्हणून पेन्शनर वर्षानुवर्षं मोर्चे काढत आहेत, आणि त्यांची मागणी रास्त आहे. वसाहतीतला महिन्याचा खर्च अनेकदा पाच आकड्यांत जातो. घराची किंमत वेगळी.

म्हणून बाणेरची वसाहत जशीच्या तशी दापोडीत आणून चालणार नाही. वाट दाखवते ती एसटीची कार्यशाळा. चासी मजबूत असेल तर जुनी बॉडी काढून तिच्यावर नवी चढवायची आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची, हे काम इथल्या कामगारांनी हाताने केलं आहे. दापोडीची चासी मजबूत आहे. गल्लीत चाळीस वर्षांचे शेजारी आहेत, दुकानदार नावाने हाक मारतो, नातवंडं ओट्यावर खेळतात. सन सिटीला जे जमलं नाही ते इथे आयतं आहे. बदलायचं आहे ते घराचं आतलं अंग.

सुरुवात मोरीपासून व्हावी. दार उलट्या बाजूला बसवणं, दोन दांड्या, न घसरणारी फरशी, एक जास्तीचा दिवा. जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा. जमत असेल तिथे म्हाताऱ्या माणसाची खोली खाली आणि तरुण जोडप्याची वर. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. कमोडची खुर्ची किंवा वॉकर त्यात येतो.

माणसांचं बळही इथे नव्याने उभारावं लागणार नाही. फेस्कॉम हा ज्येष्ठ नागरिक संघांचा राज्यव्यापी महासंघ 1980 पासून काम करतो, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेने शहरात जागोजागी विरंगुळा केंद्रं बांधली आहेत. तिथे पेपर येतो, कॅरम असतो, भजन होतं. त्यात एका हजेरीच्या वहीची भर घालावी. रोज येणारा माणूस आला नाही, तर दोघांनी त्याच्या घरी जाऊन यायचं. नदीकाठच्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी चढतं. तेव्हा कोणत्या घरात न चालता येणारं माणूस आहे, हे त्याच वहीतून बचाव पथकाला कळेल. बचत गटातल्या बायकांनी दुपारचा डबा द्यावा. दवाखान्याची सोय तर आहेच: 1 ऑगस्ट 2023 पासून दापोडीत मेट्रो थांबते, स्थानकात लिफ्ट आहे, आणि चौथ्या स्थानकावर, संत तुकारामनगरला उतरलं की वायसीएम रुग्णालय जवळ.

कायदाही पाठीशी आहे. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने मुलांकडून दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळ करण्याच्या अटीवर घर नावावर करून दिलं आणि पुढे मुलांनी सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द करू शकतं. मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहून घ्यावी. प्रेमापोटी कोरी सही करणाऱ्या आईबापांनी हे एवढं जरूर करावं. कुठे दाद मागावी हे सुचत नसेल, तर 14567 या हेल्पलाइनवर विचारावं. त्याच कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाचीही तरतूद आहे. ज्यांना घरच नाही किंवा घरात सुख नाही, त्यांच्यासाठी ती जागा हवीच.

महापालिकेने दापोडीत साठीपुढच्या माणसांच्या घरांची मोरी आणि जिना तपासावा, आणि ज्याला दुरुस्ती झेपत नाही तिथे ती करून द्यावी. यासाठी नवी इमारत नको, नवी जमीन नको. या पट्ट्यातल्या एसटी गाड्या, स्कूटर, ट्रक आणि औषधं ज्यांच्या हातून तयार झाली, त्यांना रात्री उठून बाथरूमपर्यंत निर्धास्त जाता यावं, एवढंच मागणं आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आत ते पुरं करता येईल.