बोनी एम. ते बेंजो पार्टी

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात किंवा डोंबिवलीच्या आसपासच्या आगरी गावांत हळदीच्या रात्री बेंजो सुरू झाला, की कोळीगीतांच्या पाठोपाठ कधीतरी ‘जिमी जिमी’ येतंच. 1982च्या ‘डिस्को डान्सर’मधलं हे गाणं. त्यावर नाचणाऱ्या पोरांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यामुळे जुन्या आठवणींची ओढ हे काही या गाण्यांच्या दीर्घायुष्याचं उत्तर नव्हे. माझ्या मते उत्तर चालींच्या वंशावळीत आहे.

त्यासाठी ‘बोनी एम.’कडे जावं लागतं. पश्चिम जर्मनीतल्या फ्रँक फॅरियन या निर्मात्यानं 1970च्या दशकाच्या मध्यावर हा गट उभा केला. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट मूळच्या जमैकाच्या, मेझी विल्यम्स माँटसेराटची, बॉबी फॅरेल अरूबाचा. फॅरेल मंचावर बेभान नाचे. रेकॉर्डवरचा पुरुषी आवाज मात्र खुद्द फॅरियनचा. ‘मा बेकर’ (1977) ट्युनिशियातल्या ‘सिदी मन्सूर’ या लोकगीतावर बेतलेलं. ‘रासपुतिन’ची (1978) चाल ‘कातिबिम’ या जुन्या तुर्की गाण्याशी विलक्षण जुळते. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ जमैकाच्या ‘मेलोडियन्स’नी 1970मध्येच गायलं होतं आणि त्याचे शब्द बायबलमधल्या स्तोत्रांतून आलेले. चकचकीत कपड्यांतल्या या डिस्कोच्या तळाशी लोकगीतं आणि प्रार्थना होत्या!

फॅरियनच्याच ‘इरप्शन’ या दुसऱ्या गटानं नील सेडाकाचं ‘वन वे तिकिट’ 1979मध्ये नव्यानं गाजवलं. पुढच्याच वर्षी ‘प्यारा दुश्मन’मध्ये बप्पी लाहिरींनी त्याचं ‘हरी ओम हरी’ केलं, उषा उथुप यांच्या दमदार आवाजात. त्यांच्याच ‘जिमी जिमी’च्या मागे फ्रान्सच्या ‘ओटावान’चं गाणं आहे. मूळ कलाकारांना श्रेय मिळायलाच हवं होतं. पण बप्पीदांमुळेच या चाली आपल्या गल्लीत पोचल्या, हेही तितकंच खरं.

आणि गल्लीत त्या बेंजोनं धरून ठेवल्या. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानमध्ये नागोयाला 1912मध्ये तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’चा वंशज. डाव्या हातानं टाइपरायटरसारखी बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. आपल्याकडे त्याला पिकअप बसवून लाउडस्पीकर जोडला गेला. या वाद्याचा सगळा जोर एकेरी सुरावटीवर. त्यामुळे थोड्या सुरांत फिरणारी, पहिल्या ओळीतच ओळख पटणारी चाल त्यावर खुलते, आणि डिस्कोची चाल नेमकी तशी असते. कोळीगीताच्या डुलत्या ठेक्यावरून ढोलकी आणि ऑक्टोपॅडवाले डिस्कोच्या सरळ चार ठोक्यांवर येतात, तेव्हा शब्द न कळणारी आजीही रिंगणात उतरते. नाच शिकलेला असावा लागत नाही.

डोंबिवलीत वाढलेल्या रवी जाधव यांनी 2016मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढून या वादकांकडे देशाचं लक्ष वेधलं. तरी आजही फलकावर बेंजो पार्टीचं, म्हणजे वादकांच्या चमूचं, नाव झळकतं, वादकाचं क्वचितच. फॅरेलच्या ओठांवर दुसऱ्याचा आवाज होता. इथे तर आवाजही स्वतःचा आणि बोटंही स्वतःची, तरी नाव नाही. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या मंडळांना माझी विनंती आहे: यंदा बेंजो पार्टी ठरवाल तेव्हा पत्रिकेत वादकांची नावं छापा, आणि ज्येष्ठ वादकांचं वादन नीट ध्वनिमुद्रित करून ठेवा.