गाडी घ्यायची की ट्राम धरायची?

लक्झेंबर्गमध्ये बसमध्ये चढा, ट्राम धरा, नाहीतर आगगाडीत बसा. तिकीट काढायचंच नाही. 2020 पासून अख्ख्या देशात सार्वजनिक वाहतूक फुकट आहे, आणि पाहुण्यांनाही. पैसे मोजायचे ते फक्त रेल्वेच्या पहिल्या वर्गाचे.

युरोपची सहल आखताना आपल्याकडे एक प्रश्न निघतोच: चौघं-पाच जण आहोत, तर गाडीच भाड्याने घेऊया का? माझं मत स्पष्ट आहे. शहरात नको. तिथल्या कितीतरी शहरांनी गाडीवाल्याची वाट मुद्दाम लांबची आणि महाग केली आहे, आणि पायी, सायकलने, ट्रामने जाणाऱ्याची सोपी.

बेल्जियममधलं गेंट पाहा. 2017 मध्ये त्यांनी मधला गाडीबंद गाभा वाढवला आणि भोवतालच्या भागाचे सहा तुकडे पाडले. एका तुकड्यातून शेजारच्या तुकड्यात गाडीने थेट जाता येत नाही. आधी बाहेरच्या रिंगरोडवर यायचं, वळसा घालायचा, मग पुन्हा आत शिरायचं. सायकलवाला मात्र सरळ निघून जातो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने हीच युक्ती 1977 मध्येच केली होती, चार भाग पाडून.

लंडनने सरळ पैसे लावले. मध्यवर्ती भागात गाडी आणायची फी 2003 मध्ये दिवसाला 5 पौंड होती, 2026 च्या जानेवारीपासून ती 18 झाली. गाडी जुनी आणि जास्त धूर सोडणारी असेल तर आणखी 12.50 पौंड. उलट ट्यूब म्हणजे तिथल्या मेट्रोत आणि बसमध्ये एकच कॉन्टॅक्टलेस कार्ड दिवसभर टेकवत राहा, ठरावीक रकमेच्या पुढे एक पेनीही कापली जात नाही.

मोठं कुटुंब म्हणून मोठी गाडी घेणार असाल तर पॅरिस लक्षात ठेवा. 2024 च्या फेब्रुवारीत तिथल्या मतदारांनी कौल दिला आणि ऑक्टोबरपासून बाहेरून आलेल्या जड गाड्यांचं पार्किंग तिप्पट झालं. शहराच्या मधल्या भागात रस्त्यावर लावली तर तासाला 18 युरो, सहा तासांचे 225! पेट्रोल-डिझेलची गाडी 1.6 टनांपासून जड धरतात.

सगळ्यात जास्त जपायचं ते इटलीत. फ्लॉरेन्स, रोम, पिसा, सिएना, सगळीकडे जुन्या शहराभोवती झेडटीएल, म्हणजे ठरावीक गाड्यांनाच परवानगी असलेला भाग. ना फाटक, ना शिपाई. पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ, शेजारी कॅमेरा, बस्स. दिव्यांच्या फलकावर ‘वार्को आत्तिवो’ झळकत असेल तर निर्बंध चालू आहेत, आत जायचं नाही. नॅव्हिगेशन नेईल तिकडे गेलात की नंबरप्लेटचा फोटो निघतो. रस्ता चुकून दोनदा शिरलात तर दंडही दोनदा. तो कळतो घरी परतल्यावर, कधी कधी कित्येक महिन्यांनी, आणि तुमचं नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडी देणारी कंपनी वेगळे पैसे लावते ते निराळेच. हॉटेल त्या भागातच असेल तर गाडीचा नंबर त्यांना आधी देऊन ठेवा. अनेक ठिकाणी हॉटेलवाले पाहुण्यांच्या गाडीची नोंद करून देतात.

ट्रामवाल्यांनीही एक गोष्ट सांभाळायची. बर्लिन किंवा म्युनिकच्या स्टेशनांवर आपल्या मेट्रोसारखी फाटकं नाहीत, थेट फलाटावर जाता येतं. पण कागदी तिकीट नुसतं विकत घेऊन पुरत नाही. अनेक तिकिटांवर छोट्या यंत्रात घालून तारीख-वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. साध्या कपड्यातला तपासनीस आला आणि शिक्का नसला, तर 60 युरो.

व्हिएन्नाने 2012 मध्ये वर्षभराचा पास 365 युरोंना केला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि दहा वर्षांहून जास्त काळ ती किंमत टिकवली. आता तो महागलाय, पण शहरात नोंदलेल्या गाड्यांपेक्षा पासधारक जास्त झाले, ही कमाई मला फार मोठी वाटते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल, बर्न, जिनिव्हा इथे तर हॉटेलात उतरलात की शहरातल्या प्रवासाचा पास हॉटेलच देतं. तिथल्याच झरमॅट गावात पेट्रोलची गाडी नेताच येत नाही. ती टेश गावात ठेवायची आणि पुढची बारा मिनिटं रेल्वेने.

मग गाडी घ्यायचीच नाही का? जरूर घ्या, पण शहर सोडताना. फ्लॉरेन्स पायी पाहून झालं की टी-2 ट्रामने विमानतळ गाठा. भाड्याच्या गाड्या तिथल्याच परिसरात मिळतात, झेडटीएलच्या बाहेर. तिथून थेट कियांतीच्या टेकड्यांकडे निघा. तिथल्या बहुतेक गावांना रेल्वे नाही, बस मोजक्या, आणि द्राक्षमळ्यांपाशी हवं तेव्हा थांबायचं तर गाडीला पर्याय नाही. त्यासाठी निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो.