जमीन उकरण्याआधी मालकाला विचारा

नांगरटीच्या दिवसांत फाळाला कधी खापर लागते, कधी हिरवा पडलेला ढब्बू पैसा. तो हातोहात फिरतो आणि "आणखी असेल का हो खाली?" असे कुणीतरी विचारतेच. इंग्लंडात हाच प्रश्न मनात घेऊन हजारो हौशी माणसे सुटीच्या दिवशी धातुशोधक यंत्र हाती धरून शेते आणि सार्वजनिक बागा धुंडाळतात. आता अशी यंत्रे आपल्याकडेही विकत मिळतात. तेव्हा तिकडची रीत आपण समजून घेतलेली बरी.

यंत्र साधेच असते. दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे असते, त्यातून वीज खेळते. जमिनीत धातू असला की हेडफोनात आवाज येतो. पण लहान नाणे साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. शिवाय आवाज सोन्याचा की खिळ्याचा, हे उकरल्याखेरीज नक्की सांगता येत नाही. दिवसभरात हाती लागतात ती बहुधा बाटल्यांची झाकणे!

तिकडचा पहिला नियम परवानगीचा. शेत असो वा पडीक रान, मालकाला विचारल्यावाचून पाऊल टाकायचे नाही. जमीन कुळाकडे असेल तर मालक आणि कूळ दोघांनाही विचारायचे, आणि होकार लेखी घेतलेला चांगला. बाग सर्वांना खुली असली तरी ती बहुधा नगरपालिकेसारख्या संस्थेच्या मालकीची असते. काही संस्था परवानगी देतात, काही साफ नाकारतात. संरक्षित प्राचीन स्थळी तर परवानगीवाचून नुसते यंत्र फिरवणे हाही १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे.

दुसरा नियम वागणुकीचा. बागेत गवताचा थर तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उलटायचा. माती फडक्यावर काढायची, तीच पुन्हा भरायची, गवत बसवून पायाने दाबायचे. खड्डा उघडा राहिला तर खेळणाऱ्या पोराचा नाहीतर गुराचा पाय मोडायचा. उभ्या पिकात शिरायचे नाही, फाटक लावून घ्यायचे, निघालेला कचरा आपणच उचलायचा. जुना बाँबगोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना कळवायचे.

तिसरा नियम मात्र मोहाची परीक्षा पाहणारा आहे. मोठे काही लागले तर थांबायचे आणि कळवायचे. सफोक परगण्यातील हॉक्सन गावी नोव्हेंबर १९९२ मध्ये एका शेतकऱ्याची हातोडी हरवली. ती शोधायला त्याने यंत्रवाल्या मित्राला बोलावले. मित्राला सोन्याचांदीची नाणी लागली. पण त्याने सगळे उपसले नाही. दोघांनी जमिनीची मालकी असलेल्या परगणा कौन्सिलला आणि पोलिसांना कळवले. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी रीतसर उत्खनन केले. सुमारे १५ हजार रोमन नाणी, दागिने, चांदीची भांडी निघाली. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी तिच्यात काय कसे रचले होते तेही समजले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते मित्राने शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट २०१५ मध्ये हेरफर्डशायर परगण्यात दोघांना व्हायकिंग काळातील ठेव मिळाली. त्यांनी ती लपवून विकायला काढली. सुमारे ३०० नाण्यांपैकी ३०-एकच परत हाती आली. २०१९ मध्ये दोघेही तुरुंगात गेले. रीतसर कळवले असते तर बक्षिसाचे वाटेकरी झाले असते.

आपल्याकडेही कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. धनाचा खरा मालक पुढे आला नाही आणि वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश व जमीनमालकाला एक चतुर्थांश वाटा मिळतो. मात्र सरकारला ते धन किंमत देऊन घेता येते. लपवणाऱ्याचा वाटा जातो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते.

सोन्याचीच गोष्ट कशाला? १९७४ साली प्रवराकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला खणताना काशाचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. ती मौल्यवान चित्रे जपली गेली. पण ती रीतसर उत्खननात न निघाल्याने त्यांच्या काळाबद्दल विद्वानांत वाद राहिला. वस्तू जिथे निघते त्या मातीलाही सांगायचे असते, ते असे.

तेव्हा शेतकरी बंधुभगिनींनो, कुणी यंत्र घेऊन आला तर आधी नावगाव विचारा, लेखी करार करा, नाहीतर सरळ नकार द्या. गुप्तधन काढून देतो म्हणणाऱ्या मांत्रिकाला दारात उभे करू नका. धनासाठी अघोरी प्रकार करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि तुमच्याच फाळाला काही लागले तर औत थांबवा, जागेवर खूण करा आणि तलाठ्याला सोबत घेऊन तहसील गाठा.