मोकळं टेबल

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघंही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ, मोठी बहीण लेखिका दुर्गा भागवत. प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, अर्जदार मुलगी आहे. नकार देणारे होते संचालक, नोबेलविजेते सर सी. व्ही. रामन.

कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहाला बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष उमेदवारीचं, मार्गदर्शक म्हणतील तेव्हा रात्रीसुद्धा काम, आणि त्यांच्या असण्यानं पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट वाचताना आजही जीव कळवळतो. लक्ष पुरुषांचं, ते सांभाळायची जबाबदारी मात्र तिची.

वर्षभरात त्यांच्या कामानं रामन यांची खात्री पटली आणि संस्थेत इतर मुलींनाही वाट मोकळी झाली. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं.

पुढे केंब्रिज. तिथे डेरेक रिक्टर या संशोधकानं प्रयोगशाळेतलं आपलं टेबल देऊ केलं. ते स्वतः रात्री काम करत, दिवसा टेबल मोकळं असे. कुठलीही अट न घालता मिळालेल्या त्या जागेवर कमलाबाईंचं काम सुरू झालं. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असतं, हे त्यांनी दाखवलं. पेशीच्या श्वसनात हे द्रव्य कळीचं असतं. साऱ्याला लागले जेमतेम चौदा महिने आणि प्रबंध भरला चाळीसेक पानांचा. १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. केंब्रिजनं स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती मात्र १९४८ मध्ये.

१९४७ साली लग्नानंतर त्या मुंबईत आल्या, कमला सोहोनी झाल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सुचवण्यावरून त्यांनी नीरा तपासली. ताडाच्या झाडाचा हा ताजा रस आंबवला की ताडी होते. न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वं आणि लोह भरपूर असतं, आणि कुपोषित आदिवासी मुलांना, गरोदर बायांना त्यानं गुण येतो, असं दिसून आलं. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. रॉयल इन्स्टिट्यूटचं हक्काचं संचालकपद मात्र त्यांना चार वर्षं उशिरा मिळालं.

दार उघडलं म्हणजे आतल्या सगळ्या खोल्या उघडल्या असं होत नाही. प्रयोगशाळेत मुली येतात, प्रबंध लिहितात, आणि नेमकं नेमणुका व बढत्यांच्या वयात बाळंतपण, घरची आजारपणं, नवऱ्याची बदली हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. कामात असा खंड पडल्यावर परतणाऱ्यांसाठी केंद्र सरकारनं महिला शास्त्रज्ञ योजना आणली ती या शतकाच्या सुरुवातीला. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, म्हणजे सीएसआयआरची स्थापना १९४२ ची. तिच्या महासंचालकपदी पहिली स्त्री आली २०२२ मध्ये. अंबासमुद्रमसारख्या लहान गावातून आलेल्या, तमिळ माध्यमात शिकलेल्या आणि लिथियम बॅटऱ्यांवर संशोधन करणाऱ्या एन. कलैसेल्वी.