रुग्णसेवेचे पहिले धडे (लेखांक ५) : कूस बदलताना

हातांची स्वच्छता आणि नाडी-तापमानाची नोंद हे धडे मागच्या लेखांकांत झाले. या आठवड्याचा धडा पाठीचा आहे, आणि रुग्णसहाय्यकांच्या प्रशिक्षणात त्याला भरपूर वेळ मिळायला हवा.

अर्धांगवायू झालेला किंवा शुद्ध हरपलेला माणूस स्वतःहून कूस बदलू शकत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये त्याची कातडी व मांस दाबले जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात आणि तिथल्या पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो. काही तास असेच गेले की शय्याव्रणाला, वॉर्डातल्या बोलीत बेडसोरला, सुरुवात होते. अनेकदा नुकसान आत, हाडालगत आधी होते. वर लहानसा डाग दिसत असताना आतले मांस बरेच खराब झालेले असू शकते. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरे, खांद्यांची हाडे आणि डोक्याची मागची बाजू या जागा म्हणूनच रोज पाहायच्या.

हा धडा शास्त्राच्या पायावर उभा करण्यात ब्रिटिश परिचारिका डोरीन नॉर्टन यांचा वाटा मोठा आहे. वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्यातूनच नॉर्टन मापनपट्टी आली. शरीराची अवस्था, मनाची अवस्था, हिंडणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि लघवी-शौचावरचा ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. बेरीज १४ किंवा कमी आली तर धोका आहे असे समजायचे.

आपल्याकडे अजूनही कित्येक ठिकाणी पाठीला स्पिरिट आणि पावडर चोळणे हीच पाठीची काळजी मानली जाते. ही सवय सोडायला हवी. स्पिरिटने कातडी कोरडी पडते, ओलावा येताच पावडरीचे गोळे होतात आणि हाडावरच्या लाल जागेवर मालिश केले तर आधीच दुखावलेले मांस आणखी दुखावते. मधे भोक असलेल्या गोल रबरी उशीचेही तेच: मधली जागा मोकळी राहते, पण कडेचा दाब तिथे येणारे रक्त अडवतो.

पाठ्यपुस्तक सांगते की लाल जागा बोटाने दाबा. फिकी झाली नाही तर इजा सुरू झाली. गोऱ्या कातडीवर हे नीट कळते. सावळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, असे अनेकदा होते. तिथे हाताच्या मागच्या बाजूने चाचपावे. शेजारच्या भागापेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का? रंग जांभळट, काळपट झालाय का? रुग्ण तिथे हात लावला की कण्हतो का? महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात हे हाताला शिकवले गेले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कूस. रुग्ण बोलत नसला तरी काय करणार ते त्याला आधी सांगायचे. पलंगाची चाके अडकवायची. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखालीच राहील आणि नळी अंगाखाली येणार नाही, हे पाहायचे. शक्यतो दोघांनी मिळून ड्रॉ शीट, म्हणजे रुग्णाच्या अंगाखालची आडवी चादर, धरून उचलायचे. ओढत नेले की कातडी चादरीला घासते. लुळा हात धरून तर कधीच ओढू नये, खांदा निखळू शकतो. कुशीवर अगदी काटकोनात झोपवले तर सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून साधारण ३० अंश कलते ठेवतात. एक उशी गुडघ्यांमध्ये. उताणे झोपवल्यावर पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा गादीपासून सुटतात. शेवटी चादरीची सुरकुती आणि बिस्किटाचे कण झटकायचे.

किती वेळाने? दर दोन तासांनी, हा जुना नियम. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या वृद्धनिवासांच्या अभ्यासात, दाट फोमच्या चांगल्या गादीवर दोन, तीन आणि चार तासांच्या अंतरांत लक्षणीय फरक आढळला नाही. गोळे झालेल्या कापसाच्या गादीला मात्र हा निष्कर्ष लावता येत नाही. त्यामुळे घरी दोन तास धरून चालावे आणि हवेची गादी आणली तरी कूस बदलणे थांबवू नये.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानुसार वृद्धनिवासातल्या सहाय्यकांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. कातडीची काळजी आणि कूस बदलणे त्यात येतेच. भारतात जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम उपलब्ध आहे. तरी नर्सिंग ब्युरोमार्फत घरोघरी जाणाऱ्या कितीतरी ताई दुसरीचे पाहूनच हे काम शिकतात. त्यांच्या हाती माणूस सोपवणाऱ्या घरांनी त्यांच्या शिक्षणाचीही काळजी केली पाहिजे.

नोंद लिहिताना निदान करायचे नाही, दिसले तेवढे लिहायचे: ‘दुपारी ४.३०, उजवी टाच, दोन सेंटिमीटरचा काळपट डाग, गरम लागतो, कातडी फाटलेली नाही.’ त्याखाली कूस डावी की उजवी ते लिहायचे आणि सिस्टरना लगेच, ड्यूटी संपायची वाट न पाहता, तोंडीही सांगायचे. पुढच्या आठवड्यात रुग्णाला भरवण्याविषयी: ठसका का लागतो आणि पाठ किती उंच करायची.