‘व्हेग’ म्हणजे नेमकं काय अस्पष्ट?

आजचा शब्द छोटा आहे, ‘व्हेग’. उच्चार आधी सांगून टाकतो: ‘प्लेग’शी यमक जुळवा, झालं. स्पेलिंगमधले शेवटचे यू आणि ई नुसते बसलेले आहेत.

शब्दकोश उघडला की समोर येतं ‘अस्पष्ट’. चूक नाही, पण त्याने फारसं काम भागत नाही. अस्पष्ट तर फोटोही असतो, लांबून येणारा आवाजही असतो, डॉक्टरांचं अक्षरही असतं. इंग्रजी या तिघांना वेगळं करते: फोटो ‘ब्लर्ड’, आवाज ‘इनडिस्टिंक्ट’, अक्षर ‘इलेजिबल’. ‘व्हेग’ हा मुख्यतः बोलण्याचा, कल्पनेचा, आठवणीचा शब्द. आणि त्याला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे, जो आपण भाषांतर करताना विसरतो: ‘मोघम’. ‘तारखेबद्दल तो मोघम बोलला’, म्हणजे ‘ही वॉज व्हेग अबाउट द डेट’. इथे विशेषण थेट माणसाला लागलंय, हेही बघून ठेवा.

शब्द आला लॅटिन ‘व्हेगस’वरून, अर्थ भटकणारा. ‘व्हॅगाबाँड’ त्याच घरातला. शरीरशास्त्रातली व्हेगस नर्व्हही तीच. मेंदूपासून निघून मान, छाती करत थेट पोटापर्यंत भटकत जाते म्हणून तिचं हे नाव. तर व्हेग म्हणजे ज्याचा अर्थ एका जागी बसत नाही असं.

आता खरा घोळ. ‘व्हेग’ आणि ‘अँबिग्युअस’ आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, कारण मराठीत दोन्हींना ‘संदिग्ध’ म्हणून मोकळे होतो. उदाहरण घेऊ. ‘जुनी पुस्तकं आणि वह्या रद्दीत द्या.’ वह्या जुन्याच द्यायच्या की सगळ्याच? दोन अर्थ निघतात, आणि दोन्ही आपापल्या जागी लख्ख आहेत. हे अँबिग्युअस. ‘बरीचशी रद्दी देऊन टाका.’ इथे दोन अर्थ नाहीत, अर्थ एकच आहे, पण त्याला काठ नाही. बरीचशी म्हणजे किती? हे व्हेग. ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या तोंडून ‘यातलं कोणतं?’ असा प्रश्न आला तर वाक्य अँबिग्युअस. ‘किती? कुठपर्यंत?’ असा आला तर व्हेग. (अँबिग्युअसला ‘द्व्यर्थी’ हा शब्द खरं तर उत्तम होता, पण दादा कोंडक्यांच्या चित्रपटांनंतर तो गंभीर चेहऱ्याने वापरणं अवघड झालंय.)

हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. १८७२चा करार कायदा घ्या. त्याच्या २९व्या कलमात म्हटलंय की ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. खाली उदाहरण दिलंय: एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं. कोणतं तेल, ते कुठेच नाही. करार गेला! पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर? तर करार टिकतो, कारण त्याच्या धंद्यावरूनच अर्थ ठरतो. ‘कोणतं?’ या प्रश्नाला बाहेरून उत्तर मिळू शकतं, ते असं.

‘कुठपर्यंत?’चं मात्र तसं नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, त्याबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम त्यानंतर देशभर चर्चेत आलं. त्यातले शब्द काय होते? अत्यंत आक्षेपार्ह, त्रासदायक, गैरसोय करणारं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. या शब्दांचे दोन-दोन अर्थ नाहीत हो, प्रत्येकाचा अर्थ शाळकरी मुलालाही कळतो. अडचण एवढीच की त्रास कुठे सुरू होतो हे कलम सांगत नाही. ते ठरवणार ठाण्यातला अधिकारी. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात हे कलम घटनाबाह्य ठरवलं. मुख्य आधार अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि त्याच्या जोडीला हा मोघमपणा. न्यायालयाने ब्रिटनमधल्या खटल्यांचाही दाखला दिला: एकाच मजकुराबद्दल तिथले प्रशिक्षित न्यायाधीशसुद्धा परस्परविरोधी निष्कर्षांना आले होते. मग सामान्य माणसाने आपण गुन्हा करतोय की नाही हे ओळखायचं कसं? इंग्रजी कायद्याच्या भाषेत या दोषाला ‘व्हेगनेस’च म्हणतात, ‘अँबिग्युइटी’ नाही.

बाकीची भावंडं भराभर घेऊ. ‘हेझी’ आठवणीला शोभतो. ‘नेब्युलस’मध्ये धुकं आहे, ज्याला आपण तेजोमेघ म्हणतो त्या नेब्युलाचंच विशेषण, अजून आकार न आलेल्या योजनेसाठी छान. ‘ऑब्स्क्युअर’ मुळात अंधारातला. ‘अॅन ऑब्स्क्युअर पोएट’ म्हणजे मोघम लिहिणारा कवी नव्हे, फारसा कुणाला माहीत नसलेला कवी! कवितेला ऑब्स्क्युअर म्हटलं तर मात्र दुर्बोध. मर्ढेकरांवर दुर्बोधतेचा आरोप झाला, पण माझ्या मते त्यांच्या प्रतिमा कमालीच्या नेमक्या आहेत. दुर्बोध आणि मोघम एक नव्हे.

वापरातली एक ठेच. ‘तो येणार की नाही हे स्पष्ट नाही’ याचं ‘इट इज व्हेग व्हेदर…’ होत नाही. तिथे ‘इट इज अनक्लिअर व्हेदर’ हवं. उलट ‘मला सुतराम कल्पना नाही’ याला इंग्रज म्हणतो, ‘आय हॅव्हन्ट द व्हेगेस्ट आयडिया’.

मघाशी एक चिठ्ठी आली: मग व्हेग असणं वाईटच का? अजिबात नाही. पाककृतीत ‘चवीपुरतं मीठ’ लिहितात ते व्हेगच आहे, आणि तसंच असायला हवं. ग्रॅममध्ये लिहिलं तर कुणाची तरी आमटी बिघडेल. कायद्यालाही हे चालतं. ज्या १९व्या अनुच्छेदावर ६६अ अडकलं, त्यातच ‘रीझनेबल’, म्हणजे वाजवी, निर्बंधांची सोय आहे. वाजवी म्हणजे किती, हे घटनेत कुठेही लिहिलेलं नाही. १९५०पासून न्यायालयं एकेक निकाल देत ते ठरवत आली आहेत, आणि ते काम अजून चालूच आहे.